तळहात बघून सही

आमच्या ऑफिसात कागदावर सही व्हायची ती कागद वाचून नव्हे, तो लिहिणाऱ्याचे हात बघून.

"हात दाखव," उस्ताद म्हणायचे.

मग टेबलाच्या अलीकडून दोन्ही हात पुढं करायचे, तळवे वर करून. शाळेत छडी खायला करतात ना, अगदी तसे. उस्ताद चष्मा कपाळावर चढवायचे आणि एकेक बोट उलटंसुलटं करून बघायचे. नखात ग्रीस आहे का, अंगठ्याच्या बुडाला घट्टा आहे का, कुठं कापलंय, कुठं भाजलंय. ज्या यंत्राचा अहवाल लिहिलाय ते यंत्र हातावर उमटलेलं दिसलं तर पेन उघडायचं. नाहीतर, "जा, अजून दोन दिस चालवून ये."

मी नोकरीवर रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला हात पुढं करायला सांगितले. मी इंजिनिअरिंगची पदवी नुकतीच पहिल्या वर्गात मिळवलेली. म्हणजे अक्कल अजून यायची होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला हस्तरेषांचा नाद दिसतोय. मी आपला विश्वासानं विचारलं, "परदेशप्रवास आहे का हो?"

उस्तादांनी दोन्ही तळवे नीट बघितले. म्हणाले, "हाय की. पर हातावर कायबी न्हाय. तितं जाऊन करणार काय?"

शेजारच्या टेबलावरचे कारकून तोंडात रुमाल कोंबून हसले. मीही हसलो. त्या उत्तराचा अर्थ कळायला मला पुढं पंधराएक वर्षं लागली.

ऑफिस म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली ओतकाम सुरू झालं की वर आमच्या चपलांचे तळ गरम व्हायचे. पाटीवर 'यंत्र निवड व सल्ला' असं काहीतरी भारदस्त होतं. काम असं, की नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांतून पत्रं यायची. आम्हाला तेलाचा घाणा हवा, भात भरडायचं यंत्र हवं, विहिरीवरचं इंजिन हवं. तुमच्याकडं आणि इतर देशांत जे मिळतं त्यातलं आमच्याकडं काय टिकेल ते तपासून सांगा. आम्ही यंत्रं मागवायची, चालवायची, आणि अमुक द्या, तमुक देऊ नका असा अहवाल धाडायचा.

उस्ताद या सगळ्याला 'सोयरीक' म्हणायचे. "यंत्र म्हंजे लेक. पोरगी देखणी हाय म्हणून कुटंबी देऊन टाकता व्हय? आधी घर बघायचं. पाणी किती लांब, सासू कशी, चूल कसली. मग हो म्हणायचं." एकदा मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, अमक्या यंत्राची कार्यक्षमता किती, असं विचारलं, तर उस्ताद म्हणाले, "कुणाच्या घरात?"

त्यांचे वडील फौंड्रीत लाकडी साचे करायचे. उस्तादही तेच करत मोठे झाले, मग फिटर, मग तांत्रिक शाळेत शिकवायला. सगळ्या गावाचे उस्ताद झाले ते तिथं. पदवी नव्हती. बारा महिने अंगात खाकी कोट. त्या कोटाच्या डाव्या खिशात सुतळीचं रीळ आणि उजव्या खिशात तपकिरीची पत्र्याची डबी. डबीत तपकीर नसायची, पंचगंगेची वाळू असायची. नवं यंत्र आलं, की डबी उघडून त्यातली चिमूटभर वाळू ते तेलाच्या पेल्यात टाकायचे. कंपनीचा माणूस हाय खायचा. "अहो, हे काय करताय?" तर म्हणायचे, "मी टाकली न्हाय तर तितलं वारं टाकणार हाय. माज्यासमोर तरी कळंल."

सुतळी कशासाठी? तर यंत्र मोडल्यावर सुतळी बांधून घरापर्यंत येतं का, हे बघायला. आणि चहाची बशी. यंत्र चालू असताना भरलेली बशी त्याच्या पाठीवर ठेवायची. सांडली, की यंत्र गेलं. न सांडता राहिली तर तो चहा उस्ताद स्वतः प्यायचे. ही त्यांची शाबासकी.

माहितीपुस्तक आलं की ते पहिल्यांदा ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावायचे. मग रस्त्यावरून कुणालातरी बोलवायचे. एकदा भात भरडायचं एक यंत्र घेऊन टाय लावलेले कोणी अभियंता आले होते. उस्तादांनी खिडकीतून हाक मारली ती उचगावहून भाजी घेऊन आलेल्या एका बाईला. "मावशी, पाटी हितं ठेवा. जरा ह्ये चालवून बघा."

मावशी घाबरल्या नाहीत. पदर खोचला, यंत्राला एक फेरी मारली आणि भात ओतला तो नेमका भलत्या तोंडात. यंत्र कोंदून बसलं. अभियंते म्हणाले, "चुकलं यांचं."

"त्या चुकल्या न्हाईत," उस्ताद म्हणाले. "दोन तोंडं हैत, आनि चुकीचं तोंड मोठं हाय. तुमी काय केलं असतं?"

मावशी म्हणाल्या, "माझी मेथी सुकाय लागली, जाऊ का?"

प्रत्येक देशाला ते तीन प्रश्न पाठवायचे. पाऊस किती महिने? नट कुठल्या मापाचे मिळतात? आणि जवळचा लोहार किती लांब? हे प्रश्न इंग्रजीत करताना मला लाज वाटायची. मी आपला लोहाराचा प्रश्न खोडून तिथं 'देखभालीची उपलब्ध यंत्रणा' असं लिहायचो. उत्तर यायचं, 'समाधानकारक'. उस्ताद म्हणायचे, "समाधानकारक म्हंजे किती कोस?"

त्यांचा खरा नियम मात्र एकच होता. ज्या यंत्रावर आपण आठ दिवस स्वतः बसलो नाही, ते दुसऱ्याच्या देशाला द्यायचं नाही. चालवणाऱ्याला विचारून लिहायचं नाही, उभं राहून लिहायचं नाही. बसायचं. पहिले दोन दिवस यंत्र छान वाटतं, ते म्हणायचे, पुढचे दोन दिवस अंग दुखतं. पाचव्या दिवसापासून यंत्र बोलायला लागतं. त्याच्या आधी जे कळतं ते सगळं कंपनीनं सांगितलेलं असतं.

आता मी जे सांगणार आहे ते याच नियमाबद्दलचं आहे. ते मी आजवर गमतीत सांगत आलो. बैठकीत माझ्या फजितीचे किस्से निघाले की हा हटकून निघतो आणि लोक पोट धरून हसतात. पण तो सांगताना मी दर वेळी अर्ध्यावर थांबतो. आज पुढचा अर्धा लिहितोय.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका देशातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या. पुण्यात दोन वर्षं शिकलेल्या, त्यामुळं मोडकं हिंदी यायचं. त्यांच्या किनाऱ्यावर काजूची झाडंच झाडं. पण बी फोडायचा कारखाना नाही, म्हणून सगळी बी जहाजानं बाहेर जायची. बरीचशी आपल्याच देशात यायची. आपल्या बायका ती फोडायच्या आणि गर तिसऱ्याच देशात जायचा.

"हमारे पेड़, तुम्हारे हाथ, किसी और का मुँह," बाई म्हणाल्या.

त्यांच्या सरकारनं एकच कारखाना मंजूर केला होता. तो चालला तर पुढचे निघणार, नाही चालला तर बी पुन्हा जहाजात. तो कसला असावा, हे ठरवायला त्या आल्या होत्या. पर्याय दोन. एक परदेशी स्वयंचलित यंत्र. एका बाजूनं बी ओता, दुसऱ्या बाजूनं गर घ्या. त्याचा नमुना आमच्या अंगणात आणून बसवला होता. दुसरा पर्याय आजऱ्याचा. तिथं एका शेडमध्ये बायका ओळीनं बाकांवर बसून काजू फोडायच्या. प्रत्येक बाकावर एक छोटं यंत्र. उजव्या हातात लिव्हर, पायाखाली पेडल, डाव्या हातानं बी पात्यात धरायची. लिव्हर ओढली की बी कापली जाते, पेडल दाबलं की टरफल फाकतं, मग डाव्या हाताच्या बोटांनी टरफल ओढून काढायचं आणि गर सुईनं मोकळा करायचा. टरफलात चीक असतो. तो कातडी जाळतो. बायका बोटांना तेल आणि राख लावून बसायच्या.

स्वयंचलित यंत्रावर उस्ताद स्वतः बसणार होते. आजऱ्याला आठ दिवस बसायला त्यांनी मला धाडलं.

आजऱ्याच्या शेडवर एक वयस्क बाई मुकादम होत्या. सगळ्या त्यांना आक्का म्हणायच्या. त्यांनी मला बाकावर बसवलं. मी लिव्हर ओढली, पेडल दाबलं, आणि बी पात्यातून सुटून आक्कांच्या कपाळाला लागली. पुढच्या बीला गर आणि टरफल यांचा मिळून भुगा झाला.

"पावणं," आक्का म्हणाल्या, "पाय तुमचा चालतोय, हात बी चालतोय. पर दोघांची वळख न्हाय झाली अजून."

बायका इतक्या हसल्या की ओळीतली सगळी यंत्रं थांबली. दुपारपर्यंत माझी कंबर गेली, डाव्या अंगठ्याला चुरचुरायला लागलं, आणि पहिल्या वर्गाच्या पदवीला वाटलं की हे आपलं काम नव्हे. मी उठलो.

उरलेले सात दिवस मी काय केलं? आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात खाल्ला. नदीवर गेलो. आरामात दोन कादंबऱ्या वाचल्या. रोज संध्याकाळी शेडवर चक्कर टाकून आक्कांना विचारायचो, "आज किती झालं? अख्खे किती, तुकडा किती?" आणि ते वहीत लिहायचो. अहवाल उत्तम झाला. तक्ते होते, आलेख होते. आणि त्यात एक वाक्य होतं, 'कामगारांच्या हाताला विशेष त्रास नाही.' हे वाक्य का लिहिलं? तर आमच्या छापील नमुन्यात तसा रकाना होता आणि तो रिकामा दिसत होता.

शेवटच्या दिवशी वही पेटीत भरताना आठवलं, हात!

माझे हात लोण्यासारखे. मग मी जे केलं त्यावर बैठकी हसतात. मी शेडच्या मागं गेलो, टरफलांच्या ढिगातून ओलसर टरफलं घेतली आणि दोन्ही तळव्यांना चोळली. मनगटापासून बोटांपर्यंत, नीट, एकसारखी. साबण लावावा तशी. एस.टी.त बसेपर्यंत काही नव्हतं. गारगोटीच्या अलीकडं आग सुरू झाली. तिकीट धरवेना, ते कंडक्टरनं माझ्या खिशात घातलं. "काय पावणं, मेंदी काढलीया जनू?" कोल्हापुरात उतरलो तेव्हा दोन्ही हातांना फोड होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

इथवर मी नेहमी सांगतो. आता पुढचं.

सकाळी ऑफिसात गेलो तेव्हा उस्ताद खाली अंगणात यंत्रापाशी होते. माडीवर आफ्रिकेतल्या त्या अधिकारी बाई एकट्याच बसल्या होत्या. मला काय सुचलं कोण जाणे. उस्तादांची सही व्हायच्या आधी कागद बाहेर द्यायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण बाईंना आपलं काम दाखवायची हौस. मी अहवाल त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी सावकाश वाचला. हाताच्या त्या वाक्यापाशी थांबल्या. माझ्या हातांकडं बघितलं. मी रुमाल गुंडाळले होते.

"ये क्या है?"

"कुछ नहीं," मी म्हणालो.

मग त्या बोलल्या ते इंग्रजीत. आवाज चढला नव्हता. त्यांची आई घरी दगडानं काजू फोडायची. बाजारापुरता, रोज. "मी लहान होते तेव्हा माझी वेणी शेजारीण घालायची," त्या म्हणाल्या. "आईला घालता यायची नाही. तिच्या बोटांची सालं निघालेली असायची. माझे केस त्यांत अडकायचे."

तेवढ्यात उस्ताद जिना चढून आले. हातातलं तेल कोटाला पुसत त्यांनी टेबलावरचा अहवाल बघितला, बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हात दाखव."

मी रुमाल सोडले. त्यांनी चष्मा वर केला. डावा हात बघितला. मग उजवा. उजवा बराच वेळ धरून ठेवला.

"किती दिस बसलास?"

"आठ."

"उजवा हात लिव्हरला असतोय," उस्ताद हळू म्हणाले. "ह्या तळव्याला चीक कुटनं आला?"

खालून फौंड्रीचा पंखा ऐकू येत होता.

"अर्धा दिवस बसलो," मी म्हणालो.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कपाटापाशी गेले, आतून खोबरेल काढलं आणि माझ्या दोन्ही तळव्यांना लावलं. बोटाबोटाच्या बेचक्यातून, फोड फुटू न देता. लावताना एकच म्हणाले, "लई आग हुती व्हय?" एवढ्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते चिकानं नव्हे.

बाईंनी अहवाल मिटला. उस्तादांकडं वळून त्या म्हणाल्या, "बाक शायद अच्छा है. पर काग़ज़ झूठा है. अब मैं क्या मानूँ?"

उस्तादांनी सांगितलं की खालचं यंत्रही तुमच्या कामाचं नाही. त्याला सगळ्या बिया एका मापाच्या लागतात. लहानमोठ्या मिसळल्या की गराचा भुगा होतो. आणि त्याची पाती जगात एकाच कारखान्यात मिळतात. "पातं गेलं की तुमचा लोहार काय करणार? मला आठ दिस द्या. मी आजऱ्याला बसतो. मग सांगतो."

बाईंकडं आठ दिवस नव्हते. परवाचं विमान होतं, आणि परतल्याबरोबर निवडीची सभा. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "एक यंत्र गर तोडतं. दुसरं बोटं जाळतं, आणि जाळत नाही असं तुमच्या कागदावर लिहिलंय. मला निवडायचं असेल तर मी तुटका गर निवडीन."

बाईंच्या जागी आपण असतो तर आपणही तेच निवडलं असतं, हे उस्तादांच्या तोंडावर दिसत होतं.

बाई गेल्या. महिन्याभरात कळलं, स्वयंचलित कारखान्याची मागणी परदेशी कंपनीकडं गेली. मोठे साहेब म्हणाले, चला, एक प्रकरण मिटलं. पण त्याच्या आधीच, बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, उस्ताद सकाळच्या गाडीनं आजऱ्याला गेले होते.

"आता कशाला?" मी विचारलं होतं. "त्यांचं तर ठरल्यात जमा आहे."

"यंत्र त्यांनी ठरवलं. आपलं उत्तर ऱ्हायलंय की."

मी येऊ का, म्हटलं. "तू नको. तुझं हात भाजल्यात." चौथ्या दिवशी मला राहवेना. गेलो. शेडमध्ये खुंटीला खाकी कोट, आणि बायकांच्या ओळीत शेवटच्या बाकावर उस्ताद. निवृत्तीला आलेला माणूस, डोळ्यांना कमी दिसणारा, बोटांना राख लावून बसलेला. आक्का मागं उभ्या.

"उस्ताद, लिव्हर हळू! तुमच्या बापाची फौंड्री न्हाय ही!"

"चुकलं आक्का."

"काल बी चुकलं म्हणालासा."

मी तिथंच राहिलो. सबंध दिवस ते नुसते डाव्या हाताकडं बघत राहिले. सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी एक तार मागितली. ती वाकवून पात्याच्या डाव्या अंगाला एक छोटा आकडा बसवला. त्यांना दिसलं होतं ते एवढंच, की जाळणारी गोष्ट कापणं नव्हे. कापल्यावर टरफल अंगठ्यानं ओढून काढतो, तेव्हा चीक लागतो. आता टरफल त्या आकड्यात अडकवायचं, मनगट फिरवायचं, टरफल तिथंच सुटून खाली पडतं. अंगठा लागतच नाही. पाचव्या दिवसाच्या आधी हे दिसलं नसतं. अर्ध्या दिवसात तर नाहीच नाही. आणि मी आठ दिवस बसलो असतो तर मला दिसलं असतं असंही नाही. पण 'अंगठा जळतो' एवढं तर खरं लिहिलं असतं. ते वाचून उस्तादांनी आकडा बाईंच्या समोर बसवला असता.

आक्कांनी बसून बघितलं. दहाबारा बिया फोडल्या. मग अंगठा वर करून त्याच्याकडं बघत राहिल्या.

"मोकळा ऱ्हायला की ओ."

मग आक्का म्हणाल्या, "इतकी वर्सं बसलोय आमी हितं. किती झालं ह्ये समद्यांनी इचारलं. कसं व्हतंय ह्ये कुणी इचारलं न्हाय." त्या उस्तादांकडं बघून बोलल्या, पण रोज संध्याकाळी 'किती झालं' विचारणारा माणूस दारात उभा होता.

आठ दिवस पुरे करून उस्ताद परतले. त्यांनी आकड्याचा लाकडी नमुना स्वतः कोरला, पात्यासकट, तळहातावर मावेल एवढा. मला पत्र लिहायला बसवलं. त्यांनी मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत करायचं. पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं, "आमच्या पहिल्या अहवालात हाताबद्दल जे लिवलंय ते खोटं हाय."

मी म्हटलं, "'अपुरं आहे' असं लिहू का?"

"लोहाराचं समाधानकारक केलंस. ह्याचं तरी करू नको."

म्हणजे त्यांना ते सुरुवातीपासून ठाऊक होतं. मी 'खोटं' लिहिलं.

सही करायच्या आधी उस्तादांनी स्वतःचे हात टेबलावर ठेवून बघितले. आधी डावा, मग उजवा. डाव्या अंगठ्याच्या पेरावर काळा डाग होता, जिथं असायला हवा तिथंच. मग सही केली आणि पेन माझ्याकडं दिलं. "तूबी कर. वाक्य तुझं हाय."

नमुना आणि पत्र मी पार्सलनं टाकलं. उत्तर आलं नाही. उस्ताद निवृत्त झाले, तरी दर सोमवारी माडी चढून यायचे आणि दारातूनच विचारायचे, "काजूचं काय?" मी मान हलवायचो. दोनेक वर्षांनी एका सोमवारी आले नाहीत. माती द्यायला मी गेलो होतो. तोंडावरचं कापड शेवटचं बाजूला करतात, तेव्हा ते दिसले. हात कफनाच्या आत होते.

पुढं माझी बढती होत गेली. मी सल्लागार झालो, हाताखाली माणसं आली, मी कागद वाचून सह्या करू लागलो. हात बघायची पद्धत मोडली. कुणी मुद्दाम मोडली नाही. एका अहवालाला बघितले नाहीत, मग पुढच्या अहवालालाही.

मग एक दिवस मलाच परदेशप्रवासाचा हुकूम आला. देश तोच. त्यांचा काजूचा कारखाना बंद पडला होता. तो दुरुस्त करावा, की त्याच जातीचं नवं यंत्र घ्यावं, हे तीन दिवसांत सांगायचं होतं.

विमानतळावर न्यायला जीप आली होती. कारखान्यापाशी उतरलो. मोठी इमारत, आत गंजलेलं यंत्र, पट्ट्यांवर पाखरांची घरटी. पाती संपली होती, उस्ताद म्हणाले होते तशीच. पण शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज येत होता. खटक, खटक, खटक. तो आवाज मी आजऱ्यात ऐकला होता.

दारात बाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले. मी नमस्कार केला आणि हात मिळवायला पुढं केला. त्यांनी तो धरला, हलवला नाही. उलटा केला. मग दुसरा मागितला.

"हात दाखव," त्या मराठीत म्हणाल्या. उच्चार वेगळा होता, पण दम तोच.

माझे तळवे पुन्हा लोण्यासारखे झाले होते. त्यांनी ते बघितले आणि मला आत नेलं. बायका ओळीनं बसलेल्या. प्रत्येक बाकावर, पात्याच्या डाव्या अंगाला, वाकवलेल्या तारेचा आकडा. दाराजवळच्या फळीवर तो लाकडी नमुना, हाताळून काळा झालेला. बाईंनी सांगितलं, पार्सल आलं तेव्हा मोठ्या यंत्राचं जहाज निघालं होतं. तीन वर्षं ते ड्रॉवरमध्ये पडलं. यंत्र थांबलं तेव्हा त्यांनी पुन्हा पत्र काढून वाचलं. "पहिलं वाक्य वाचून वाटलं, पुढचं खरं असणार." गावच्या लोहारानं आकडे केले. लोहार किती लांब, ते मी विचारलं नाही. त्याची भट्टी शेडच्या दारातून दिसत होती.

"वो कैसे हैं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, त्यांच्या वरिष्ठांना नवं स्वयंचलित यंत्र हवंय. बाकांचं शेड तात्पुरतं, मागासलेलं वाटतं त्यांना. माझा अहवाल तसा गेला तर महिन्याभरात ही ओळ उठेल. त्यांनी मला काही मागितलं नाही. शेवटचा बाक रिकामा होता, त्याच्याकडं बोट केलं.

"आठ दिन."

मी कोल्हापूरला तार केली, मुक्काम वाढला आहे, आणि बसलो. पहिल्या दिवशी बी उडून शेजारणीला लागली. इथल्याही बायका हसल्या, आजऱ्यासारख्याच. तिसऱ्या दिवशी कंबर गेली. पाचव्या दिवशी माझं मनगट आपण होऊन आकड्याकडं वळायला लागलं, आणि मला वाटलं, कुणीतरी माझा हात धरून वळवतंय.

नवव्या दिवशी सकाळी मी अहवाल लिहायला घेतला. तोच छापील नमुना, तोच रकाना. बाक ठेवावेत, वाढवावेत, असं लिहून झालं आणि त्या रकान्यापाशी आलो. कितीतरी वेळ पेन धरून बसलो. दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतं. मग लिहिलं, 'कामगारांच्या हाताला विशेष त्रास नाही.'

सही करायच्या आधी हात टेबलावर ठेवले. उजव्या तळव्याच्या बुडाला लिव्हरचा घट्टा पडला होता. डाव्याचा अंगठा उलटासुलटा करून बघितला. स्वच्छ होता.